उकंडरावांचा जोडीदार

१

दुपारचे तीन वाजले की उकंडराव गुडघ्यांना तेल चोळत, डोळ्यांवर चष्मा चढवत आणि लढाईला बसत. केनवडातली त्यांच्या वयाची माणसं त्या वेळी पारावर पत्ते कुटत असत, नाहीतर खुशाल घोरत पडलेली असत. एकतीस वर्षं शाळेत शिपाई म्हणून घंटा बडवलेला हा माणूस मात्र परक्या मुलखातल्या कुंपणाआड दबा धरून बसे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हिंडणं बंद झालं होतं, आणि नुसतं बसून राहणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

खेळ नातीनं आणला होता. धम्मदीपा, घरात दीपा, रिसोडच्या कॉलेजात कॉम्प्युटरचं शिकत होती. आईबाप पुण्याला कंपनीत, म्हणून ती आजोबांजवळ राहायची. आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं हा खेळ घालून दिला तेव्हा तिला वाटलं होतं, आबा चार दिवस खेळतील आणि परत टीव्हीकडे वळतील. त्याला आता पाचवा महिना लागला होता.

खेळ तसा सरळ होता. आपल्याकडे पायदळाचे बारा शिपाई, समोरून शत्रूचे रणगाडे. बंदुकीच्या गोळीनं रणगाड्याचं काही वाकडं होत नाही. त्यासाठी दोघांची एक जोडी असते: एकाच्या खांद्यावर रॉकेटची नळी, दुसऱ्याच्या पाठीवर रॉकेटं. समोरून मारलं तर ते पोलादावरून घसरून जातं. म्हणून रणगाडा जवळ येऊ द्यायचा, चाळीस पावलांवर, तीस पावलांवर, आणि मग बाजूनं किंवा मागून मारायचं. यात गोम एवढीच, की कोणात किती धीर आहे ते खेळ ठरवतो. रणगाड्याची घरघर जवळ आली की कोणी जमिनीला चिकटतो, कोणी हुकमाआधीच मारून मोकळा होतो, कोणी सरळ पळ काढतो. आपण हुकूम द्यायचा, पाळायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं. शाळेतल्या पोरांची सवय असल्यामुळे उकंडरावांना हे फार पटलं होतं.

शिपायांना मनासारखी नावं देता येत. उकंडरावांनी अर्धं केनवड भरती करून टाकलं होतं. पलीकडच्या तांड्यावरचा लालसिंग मशीनगनवर, दूधवाला बादल टेहळणीला. नळी अर्थातच स्वतःच्या खांद्यावर.

एक गोष्ट तेवढी बरी नव्हती. शत्रू नेम धरू लागला की प्रत्येक शिपायाच्या डोक्यावर एक आकडा उमटे. शंभरात किती वेळा हा मरेल, त्याचा आकडा. बादल बावीस, लालसिंग चाळीस. उकंडराव नावाच्या शिपायाच्या डोक्यावर आकडा येत नसे. तिथं नुसती आडवी रेघ येई.

"प्रोग्रामात चूक असन आबा," दीपा म्हणाली होती.

तिनं नवी लढाई मांडून त्याच शिपायाचं नाव गंगू ठेवलं. डोक्यावर एकतीस आले. परत उकंडराव लिहिलं, परत रेघ आली. भलत्याच शिपायाला ते नाव दिलं, तर रेघ तिकडे गेली. दीपानं थोडा वेळ ओठ चावले, उद्या बघते म्हणाली, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

२

आता या नावाची भानगड सांगितलीच पाहिजे.

उकंडरावांच्या आधीची तीन भावंडं दोन-दोन महिन्यांची होऊन गेली होती. चौथं जगावं म्हणून आजीनं, गोजराबाईनं, जुना मार्ग धरला. बाप कामाला वाशीमला गेलेला पाहून तिनं तान्हं पोर फडक्यात गुंडाळलं आणि घरामागच्या उकिरड्यावर, म्हणजे वऱ्हाडातल्या उकंड्यावर, नेऊन टाकलं. ठरल्याप्रमाणे शेजारीण आली, कोणाचं लेकरू फेकलं म्हणून ओरडली आणि उचलून घेऊन गेली. मग आजीनं सूपभर ज्वारी देऊन ते परत आणलं. केर म्हणून टाकलेल्या पोराकडे कोण बघणार, मरणसुद्धा नजर फिरवून पुढं जाईल, असा त्यातला हिशेब. अशा पोराचं नाव उकंडाच ठेवतात.

बापानं चार वर्षांपूर्वीच दीक्षा घेतलेली. त्यानं पोराचं नाव मनात धरलं होतं धम्मपाल. परत आल्यावर तो आईवर असा संतापला की तीन दिवस घरात जेवला नाही. पण पोर जगलं, आणि जगलं म्हटल्यावर ते नाव बदलायची छाती कोणाला झाली नाही. शाळेत घालताना बापानं धम्मपाल सांगितलं, तर मास्तरांनी गावात जे चालतं तेच लिहून टाकलं. मोठेपणी त्याला राव लागला, एवढाच मान.

ऐन विशीत उकंडराव विहिरी फोडायच्या कामावर होते. जोडीला तांड्यावरचा सेवालाल. खडकात भोकं पाडायची, सुरुंग ठासायचे, वाती पेटवायच्या आणि दोराला धरून वर यायचं. वर बसून बार मोजायचे. नऊ वाती पेटवल्या तर नऊ बार ऐकू आले पाहिजेत. आठच आले तर त्या दिवशी खाली उतरायचं नाही, मग मालक कितीही बोंबलो. त्या दिवशी नऊ पेटवल्या होत्या. उकंडरावांनी बोटं मोजली आणि नऊ झाले म्हणून सांगितलं. शेजारच्या शेतात दुसरी टोळी विहीर फोडत होती, त्यातला एक बार त्यांनी आपल्यात धरला. आधी उतरायची पाळी त्यांचीच होती. पण हातात बिडी पेटलेली.

"तू वढ बिडी, मी पाह्यतो," सेवालाल म्हणाला आणि उतरला.

नववा बार त्यानंतर झाला.

दुर्गाबाई गेल्या त्यालाही आता बारा वर्षं झाली. सोयाबीन सोंगताना पाऊस आला म्हणून नवराबायको एकाच ताडपत्रीखाली बसली होती. वीज पडली. हातभर अंतर होतं दोघांत, आणि उकंडरावांच्या अंगावरचा केससुद्धा जळाला नाही.

सेवालाल गेल्यापासूनच गाव म्हणतं: उकंड्याले काय होते? होते थे त्याच्या बाजूवाल्याले. एसटीत त्यांच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राही. हे बोलणं कानावर आलं की म्हातारा पेटून उठे. त्यांच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, फळीवर बुद्धाची मूर्ती होती, आणि नशीब, मुहूर्त, साडेसाती या मंडळींना उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. सेवालाल चुकीच्या मोजणीनं गेला. मोजणी कोणी चुकवली तेही उकंडराव कधी लपवत नसत. वीज उंचावर पडते आणि दुर्गाबाई उठून उभ्या राहत होत्या. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि ते कारण त्यांना पाठ होतं.

तरीही ते कोणाला हातभर अंतराच्या आत बसू देत नसत. दीपालासुद्धा नाही. खेळ बघायचा तर तिनं मागच्या लोखंडी पलंगावर बसायचं. ते मानत नव्हते, पण पाळत होते, आणि याची त्यांना मनातून भयंकर लाज वाटे.

३

पाच महिन्यांत नळीवाल्या उकंडरावाचे चौदा जोडीदार मेले होते.

जोडीदाराला उकंडराव मुद्दाम नाव देत नसत. खेळानं दिलेलं परदेशी नाव तसंच राहू देत. सुरुवातीला त्यांना हे फारसं खटकलं नाही, लढाईत माणसं मरायचीच. पण बादलसुद्धा कधीतरी जखमी होई, लालसिंग दोनदा गेला होता. नळीवाल्याला ओरखडा नाही, आणि त्याच्या शेजारचा मात्र न चुकता आडवा. डोक्यावर सात आकडा असला तरी आडवा. शंभरातल्या सात वेळा सलग चौदा लढायांत कशा येतील, असं त्यांनी दीपाला विचारलं. येऊ शकतात, ती म्हणाली, फासे आहेत ते. मग तिनं कागदावर गुणाकार करून पाहिला आणि कागद चुरगळून टाकला.

एके दुपारी त्यांना ते दिसलं. जोडी कुंपणाआड पडलेली होती. हुकूम होता हलायचं नाही. रणगाडा वळणावर आला, त्याचा वरचा घुमट तोफेसकट सावकाश फिरू लागला, आणि नळीवाला इतका हलकेच मागं सरकला की डोळ्याला भास वाटावा. आता जोडीदार पुढं होता.

उकंडरावांनी दुसऱ्या दिवशी दीपाची एक टिकली मागून घेतली आणि पडद्यावर शिपायाच्या बुटाशी बरोबर चिकटवली. मग काहीही न दाबता, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. रणगाडा आला. घुमट फिरला. बूट टिकलीच्या मागं गेला. एक पाऊल. घुमट नळीवाल्यावरून रिकाम्या जागेवरून फिरावा तसा पुढं गेला आणि जोडीदारावर थांबला.

"भेतात ना आबा थे टँकले," दीपा म्हणाली. "मागं सरकनंबी प्रोग्रामात असते."

"हा भेत नाई," उकंडराव म्हणाले. "याले माहीत आहे."

काय माहीत आहे, ते त्यांना नीट सांगता येईना. त्यांना एवढंच कळत होतं की त्यांना त्या दोन बोटं उंचीच्या शिपायाचा राग आला आहे, आणि असा राग त्यांना आजवर फक्त एकाच माणसाचा येत असे. बिडी ओढत विहिरीच्या काठावर बसलेल्या माणसाचा.

तेव्हापासूनच तो आवाज सुरू झाला. खेळ बंद केल्यावरही घरामागच्या गल्लीच्या टोकाला, पुलाच्या अंगाला, पट्ट्यांवर चालणारं यंत्र कुठंतरी खडखडत असे. रस्त्याच्या कामावरचं पोकलेन असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पोकलेनलाही रणगाड्यासारखेच पट्टे असतात. तीन दिवस ही समजूत छान चालली. चौथ्या दिवशी दूध घालताना बादल सहज बोलून गेला की पोकलेन मालेगावच्या कामावर जाऊन आठवडा झाला.

४

शनिवारी दीपाला सुट्टी होती. उकंडराव तेल चोळून खुर्चीत बसले तर लढाई आधीच मांडलेली. पहिली चालही होऊन गेली होती. नळीवाल्याच्या शेजारी दुसरा शिपाई कुंपणाला टेकून बसला होता आणि त्याच्यावर नाव होतं धम्मदीपा.

"हे काय आहे?"

"तुमचा जोडीदार." दीपा मागं पलंगावर पाय सोडून बसली होती. "बाहेरचे सारे मरून राह्यले. म्हटलं घरचं मानूस घ्यावं."

"काढ थे नाव."

"आता निघत नाई. लढाई सुरू झाली."

"मंग पयलेपासून मांड."

"काहून?"

उकंडरावांनी खुर्ची वळवली. पोरगी थट्टा करत नव्हती. चेहरा सरळ होता आणि हात मांडीखाली दाबून धरलेले होते.

"काहून मांडू पयलेपासून? सांगा ना," ती म्हणाली. "पाचवीत तुमी मले भाषन लिहून देल्लं होतं, नशीब नसते म्हनून. मी शाळेत म्हनलं थे, पयला नंबर आला माहा. आता मानता का तुमी?"

"नाई मानत."

"मंग मले बाजूले काहून बसू देत नाई?"

पंखा डोक्यावर कुरकुरत होता.

"मी सा वर्षाची होती, ताप होता मले," दीपा म्हणाली. "तुमी दारात उभे होते. आत नाई आले. आजी म्हने, आबा इथंच आहे, भेऊ नोको. मले वाटे, आबाले माहा कंटाळा येते."

एवढं ऐकून घेण्यापेक्षा विहिरीत उतरणं परवडलं असतं. उकंडरावांना संताप आला. गोजराबाईचा आला, सूपभर ज्वारीचा आला, ताप आलेल्या पोरीला दारातून बघणाऱ्या माणसाचा तर फारच आला. खेळ पहिल्यापासून मांडला की गावाचं बोलणं खरं ठरलं. पुढं कधीही तिला शेजारी बसवता येणार नाही. नाही मांडला तर समोर तिचं नाव होतं आणि शेजारी ती आडवी रेघ.

"नाई मांडत पयलेपासून," ते म्हणाले. "आज तुले मरू देत नाई मी."

"मले का तिले?" दीपानं पडद्याकडे बोट केलं.

त्यांनी खुर्ची परत वळवली.

"खेळा तुमी," ती उठत म्हणाली. "शेळीच्या गोठ्यातलं टोपलं तेवढं उकंड्यावर टाकून येतो."

५

रणगाडा दोन कुंपणांमधल्या वाटेनं आला. उकंडरावांनी बादलला आडवं पाडून ठेवलं, लालसिंगची मशीनगन गप्प केली. कोणीही हलायचं नाही, कोणीही आधी मारायचं नाही. ऐंशी पावलं. सत्तर.

धम्मदीपाच्या डोक्यावर अठ्ठावीस.

साठ पावलांवर नळीवाला एक पाऊल मागं सरला.

उकंडरावांनी त्याला पुढं जायचा हुकूम दिला. शिपाई ढिम्म राहिला. त्यांनी परत हुकूम दिला. शिपाई आणखी एक पाऊल मागं गेला. डोक्यावर रेघ, आणि शेजारी अठ्ठावीसचे एकेचाळीस झाले.

"पुढं सरक," उकंडराव मोठ्यानं म्हणाले. "पुढं सरक बे."

घुमट फिरू लागला. बादलवर क्षणभर थांबला, सोडून दिला. नळीवाल्यावरून तसाच पुढं गेला. धम्मदीपाशी येऊन थांबला. एकसष्ट.

उकंडराव दोन्ही हातांनी कळा बडवत होते. पाठीला घामाच्या धारा लागल्या होत्या आणि मनातलं शहाणं माणूस अजूनही सांगत होतं की हे दिवे आहेत, काचेमागचे दिवे, प्रोग्रामात भीती लिहिलेली असते. तेवढ्यात नळीवाल्यानं मान वळवली. शिपाई इतका लहान होता की त्याला तोंड असल्याचं आजवर कधी जाणवलं नव्हतं. ते तोंड आता काचेतून वर, सरळ खुर्चीकडे बघत होतं. त्यानं डावीकडे, उजवीकडे अशी सावकाश मान हलवली. नाही.

लाईट गेली. पडदा काळा झाला, पंखा दोन फेरे मारून थांबला.

खडखड थांबली नाही.

ती आता पुलाच्या अंगाला नव्हती. घरामागं होती. फळीवरच्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं, लोखंडी पलंगाचा एक पाय फरशीवर टकटक करत होता. उकंडरावांनी पलंगाकडे पाहिलं. तो रिकामा होता. टोपलं टाकायला गेलेली दीपा परत आली नव्हती.

ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ते धावले.

६

मागच्या अंगणात लख्ख ऊन होतं. दीपा उकिरड्याच्या अलीकडे उभी होती. टोपलं कमरेवर तसंच, डोळे गल्लीकडे. पळत नव्हती, ओरडत नव्हती. उकंडरावांनी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. रणगाडा जवळ आला की नवा शिपाई असाच जमिनीला चिकटतो.

गल्लीच्या तोंडाशी तुराट्यांची गंजी होती. ती दबत होती. तिच्यावर काही नव्हतं, नुसतं ऊन होतं, पण तुराट्या कडाकड मोडत खाली बसत होत्या, दोन रुंद ओळींत. मधल्या पट्ट्यातल्या तशाच उभ्या होत्या. मग गंजीच्या अलीकडची माती दबू लागली. धुळीचा लोट उठला आणि त्या धुळीत, पुरुषभर उंचीवर, काहीतरी वळत होतं. रुंद, सपाट, कसलीच घाई नसलेलं.

"खाली बस, दीपे," ते म्हणाले. "हालू नोको."

पोरगी मटकन खाली बसली. उकंडराव तिच्यापुढं जाऊन हात पसरून उभे राहिले. धुळीतलं ते वळत वळत त्यांच्यापर्यंत आलं, आणि केराच्या ढिगावरून माणसाची नजर जाते तसं त्यांच्यावरून पुढं गेलं. काही लागलं नाही, काही बोचलं नाही. त्यांच्या पसरलेल्या हातांना ते मोजतच नव्हतं. त्यांच्या छातीतून आरपार ते मागच्या पोरीवर जाऊन थांबलं. मागं दीपाच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

भीती तर होतीच. पण त्या क्षणी उकंडरावांना वाटला तो अपमान. पासष्ट वर्षांचा अपमान. सेवालालच्या वेळी याच नजरेनं त्यांना ओलांडलं होतं, दुर्गेच्या वेळी यानंच ओलांडलं होतं, आणि त्यांनी त्याला आपलं वाचणं म्हटलं होतं.

ते वळले आणि उकिरड्यावर चढू लागले. शेण, राख, लेंड्या, गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. नवा गुडघा कळ मारून गेला. माथ्यावर पोचून ते सरळ उभे राहिले. याच ढिगावर त्यांना कोणीतरी टाकलं होतं आणि सूपभर ज्वारीला परत घेतलं होतं.

"इकडं पाह्य," ते म्हणाले. आवाज घंटा देऊन वर्ग भरवणाऱ्या माणसाचा होता. "केर नाई मी. कोनी टाकलेला नाई अन् कोनी उचललेला नाई. धम्मपाल नाव आहे माहं. बापानं ठेवलेलं. जे काय मोजाचं असन थे इथं मोज. पोरीकडं नाई पाह्याचं."

खडखड थांबली. गावातल्या कोंबड्यासुद्धा गप्प होत्या.

धुळीतलं ते परत वळलं, आलं तसंच सावकाश, आणि उकिरड्याच्या माथ्यावर येऊन थांबलं. या वेळी पुढं गेलं नाही. उकंडरावांच्या अंगावर उन्हात काटा उभा राहिला. त्यांना फक्त एक काळं, गोल, खोल भोक दिसलं, आणि ते भोक त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी मान खाली घातली नाही. पाऊल मागं घेतलं नाही. शेणात रुतलेले पाय घट्ट रोवून ते उभे राहिले आणि सवयीनं मोजू लागले. एक, दोन, तीन. फक्त आपले मोजायचे, शेजारचा धरायचा नाही. नवापर्यंत पोचले तेव्हा धूळ खाली बसत होती आणि तिच्यात काही नव्हतं.

७

पाचला लाईट आली. दोघांनी तोवर अंगणात हातपाय धुतले होते. दीपानं त्यांचं धोतर तीनदा खळबळून काढलं होतं. तुराट्या दोन ओळींत मोडून पडल्या होत्या. मातीत आडव्या पट्ट्यांचे ठसे होते, ते उकिरड्यापर्यंत येत होते. परत जाणारे नव्हते.

"पोकलेन असन," उकंडराव म्हणाले.

"हो," दीपा म्हणाली. मालेगावचं दोघांनाही माहीत होतं.

तिनं कॉम्प्युटर सुरू केला. लढाई होती तिथंच थांबलेली होती. बादल आडवा, लालसिंग गप्प, साठ पावलांवर रणगाडा. दीपानं वाकून पाहिलं आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"आबा, पाहा बरं."

धम्मदीपाच्या डोक्यावर एकोणीस होते. नळीवाल्या उकंडरावाच्या डोक्यावर रेघ नव्हती. तिथं सदतीस आकडा होता. बादलसारखा, लालसिंगसारखा, दुनियेतल्या कोणत्याही माणसासारखा.

उकंडरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ते हसले. दुर्गाबाई गेल्यापासून या घरात असं हसू कोणी ऐकलं नव्हतं.

"मोजलं मले," ते म्हणाले. "शेवटी मोजलं बे."

त्यांनी वाकून कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं. हातभर अंतरावर आणलं. तिथं क्षणभर थांबले आणि मग खुर्चीला खेटून ठेवलं.

"बस."

दीपा उभीच होती.

"बस मनलं ना."

ती बसली. तिचा खांदा त्यांच्या दंडाला लागला. म्हाताऱ्याच्या अंगाला तेलाचा वास येत होता, थोडा शेणाचाही. दोघांपैकी कोणी सरकलं नाही. थोड्या वेळानं तिनं डोकं टेकवलं, आणि उकंडरावांना वाटलं, एवढ्यासाठी इतकी वर्षं पाळलेलं अंतर मोडायला आपण फार उशीर केला.

पुलाच्या अंगाला खडखड सुरू झाली.

पडद्यावर सदतीसचे एकोणचाळीस झाले. मग बेचाळीस.

"आबा," दीपा हळूच म्हणाली, "वाढून राह्यला."

"वाढू दे. जवळ येऊ दे त्याले. तीस पावलावर आला की पाहू."

तांब्यातलं पाणी थरथरू लागलं. उकंडरावांनी एका हातानं नातीचा हात धरला, दुसऱ्यानं हुकूम दिला, आणि या वेळी नळीवाला शिपाई एक पाऊल पुढं गेला.